वाजतंय म्हणजे चालतंय

बोल्ट आवळल्यावर मशीन आठ-दहा तास चालवायचं आणि तोच बोल्ट पुन्हा तपासायचा, असा नियम आहे. हा नियम पाळला म्हणून परवा अक्कलकोट रोडवरच्या एका रसवंतीसमोर मी 'कच्चा मेस्त्री' ठरलो. ठरवणारे मामा रसवंतीचे मालक. मी दुरुस्त करत होतो तो लोडर, म्हणजे माती उचलणारं मशीन. मामांचा त्याच्याशी संबंध इतकाच, की तो त्यांच्या लिंबाच्या सावलीत उभा होता.

लोडर छोटाच, जागच्या जागी गर्रकन फिरणारा. बकेटची पिन ढिली. बकेट जमिनीला टेकवून आर्म किंचित उचलला की आधी आर्म हलायचा, मग 'खट्' व्हायचं आणि मग बकेट हलायची. सगळा रोग त्या 'खट्'मध्ये. बकेट सपाट टेकवली, इंजिन बंद केलं, हायड्रॉलिकचं प्रेशर सोडलं आणि तांब्याचा ठोकळा मध्ये धरून पिनवर घण घातला. (थेट घण घातला की पिनचं तोंड फुलतं आणि मग ती बाहेर यायचं नाव घेत नाही.) तेवढ्यात मामा आले.

"काय झालंय ओ?"

"पिन ढिली झालीय, मामा. वाजतेय."

"वाजतंय म्हणजे चालतंय की! आमच्या चरकाला मुद्दाम घुंगरं बांधलीत. वाजायचं थांबलं की गिऱ्हाईक पुढं जातंय."

मी समजवायला गेलो, ही चूक माझीच. म्हटलं, पिनच्या टोकाच्या पट्टीला एक लहान लॉक बोल्ट असतो, तो पिनला फिरू देत नाही. तो पडला की पिन बुशला (ज्या नळीत तिनं फिरायचं तिला) सोडून बकेटच्या कानातच, म्हणजे पिन अडकवायच्या भोकाच्या पट्टीतच, फिरायला लागते. कान झिजतो, भोक अंड्यासारखं होतं, मग कितीही नवी पिन घाला, ढिली ती ढिलीच.

"अंड्यात पिन घालायचीच कशाला?" मामा म्हणाले. "वेल्डिंग मारा की. एक टाका इकडं, एक तिकडं. जन्मात हलायची नाही."

"मग बुश बदलताना पिन कापून काढावी लागते, मामा. शिवाय वेल्डिंगच्या तापानं पिन मऊ पडते, तिचं पाणी उतरतं."

"पाणी तर आम्ही रसात बी घालत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मीच भेसळ करणारा.

नशिबानं कान अजून अंडाकार झाले नव्हते. नाहीतर भोक भरून पुन्हा एका रेषेत गोल कोरणं आलं, आणि ते रसवंतीपुढे होत नाही. नवा बुश मात्र बसवायचा होता. बुश घणानं ठोकला की वाकडा शिरतो. ४२ अंशांच्या उन्हात मला मामांच्या बर्फाची आठवण झाली. ५० मिलीमीटरचा पोलादी बुश तेवढ्या उन्हातून बर्फाच्या थंडीला नेला की साधारण अडीच शतांश मिलीमीटर आकसतो. एवढ्यानं आपोआप शिरत नाही, पण शिरताना हट्ट कमी करतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बुश अर्धा तास बर्फाच्या पेटीत ठेवला. मामांनी त्या पेटीतला बर्फ पुढच्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात टाकला. मी त्या दिवशी रस घेतला नाही.

पिन घालताना भोकं जुळली का, हे बोट घालून बघणारे मेस्त्री मी पाहिलेत. त्यांची मोजणी पुढं साडेनवावर थांबते. मी गोल सळईनं भोकं जुळवली, बाजूची फट शिम (पातळ चकत्या) घालून भरली, लॉक बोल्टचे आटे पेट्रोलनं धुऊन त्याला निळं लॉकिंगचं औषध लावलं. हा बोल्ट पुन्हा आवळायचा नसतो, हलवला की जमलेलं औषध मोडतं.

मागच्या पिव्हटच्या (फिरत्या सांध्याच्या) पट्टीचे दोन एम-१६, म्हणजे १६ मिलीमीटर जाडीचे बोल्ट मात्र कोरडेच आवळायचे होते. दुकानदारानं लोडरच्या मालकाला डोक्यावर ताकदीचा आकडाच नसलेले चकचकीत बोल्ट दिले होते, "सगळे सारखेच असतात" म्हणत. ते परत पाठवून १०.९ चे मागवले. त्यांना साधारण ३०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साठ किलोचा माणूस लटकला पाहिजे. नेमका माझ्याएवढा. मामा म्हणाले, "मी लटकतो की!" मामा नव्वद किलोचे असतील. त्यांना लटकू दिलं असतं तर साडेचारशेच्या आसपास गेलं असतं. ताणून गेलेला बोल्ट वरून अगदी घट्ट दिसतो, आणि पकडत काहीच नाही. जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना आहे, असं सांगून त्यांना बाकड्यावर बसवलं.

आता खरं दुखणं सांगतो. हे सगळं झालं ग्रीसमुळे. रोज, आठ-दहा तासांनी, प्रत्येक निप्पलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) कडेनं नवं ग्रीस दिसेपर्यंत पंप मारायचा असतो. तेच ग्रीस आतला मुरूम बाहेर ढकलतं. या पिनचा निप्पल मातीनं बुजलेला होता. ऑपरेटर गन टेकवायचा, ग्रीस बाहेरच्या बाहेर सांडायचं, तो फडक्यानं पुसायचा आणि मालकाला सांगायचा, "मारलं." निप्पल काढून साफ करायला पाच मिनिटं लागतात. तेवढी कुणाकडे नसतात. बिलावर घासाघीस करायला मात्र अख्खी दुपार असते.

दुसऱ्या दिवशी दहा तास भरल्यावर मी पाना घेऊन हजर. पट्टीखालचा रंग दबतो, गंजाची पापडी चुरते, म्हणून बोल्ट थोडा सैल पडतोच. एक बोल्ट अष्टमांश फेरा फिरला. मामा तिथंच होते.

"काल आवळलाता ना?"

"हो."

"मग आज परत?"

मी रंगाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर मामा लोडरच्या मालकाकडे वळले होते. "काम कच्चं होतं बघा. आमच्या चरकाचा बोल्ट अकरा वर्षं झाली, हात लावला नाही."

मालकानं माझ्या दुसऱ्या फेरीचे दोनशे रुपये कापले, आणि वर मामांना म्हणाले, "तुमचं लक्ष होतं म्हणून बरं."

मी पाने पिशवीत भरत होतो. मामांनी हाक मारली, "मेस्त्री, कालच्या बर्फाचे वीस राहिलेत की."