रिफ्रेश मारून बघा

घरातला कम्प्युटर संथ झाला की पहिला उपचार ठरलेला. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक आणि रिफ्रेश. एकदा नाही, सात-आठ वेळा, आरतीतल्या टाळ्यांच्या तालात. बोट माझंही जातं. ते संस्कार आहेत, त्यांचा ज्ञानाशी संबंध नाही. रिफ्रेशने होतं एवढंच की विंडोज डेस्कटॉपवरच्या फाइलींची यादी पुन्हा वाचतं आणि आयकॉन पुन्हा रंगवतं. मेमरीचा एक बाइटही मोकळा होत नाही.

याहून वरच्या इयत्तेतले लोक विंडोज आणि आर दाबून रन उघडतात आणि टेम्प, पर्सेंट-टेम्प-पर्सेंट, प्रीफेच असा तीनपदरी मंत्र म्हणतात, आणि त्याने उघडलेल्या फोल्डरांतलं सगळं पुसतात. पहिल्या दोन पदांनी खरंच कचरा जातो. तिसऱ्याने नुकसान होतं. कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फाइली लागतात याच्या नोंदी विंडोज प्रीफेचमध्ये ठेवतं. ती झाली वाण्याची यादी. ती फाडून टाकायची आणि दुकानात जाऊन ‘काय बरं आणायचं होतं’ म्हणत उभं राहायचं, असा हा प्रकार. पुसल्यावर प्रोग्रॅम आधीपेक्षा उशिरा उघडतात, विंडोज बिचारं यादी नव्याने लिहायला घेतं, आणि ती होत येते तोवर पुढचा रविवार उजाडतो. रविवारी पुन्हा मंत्र.

ज्या लॅपटॉपवर हे सगळं चालतं तो तुम्ही ओळखाल. २०१७च्या आसपासचा, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, बिजागरी एका बाजूने उचकटलेली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. डिस्कच्या रकान्याखाली १०० टक्के दिसत असेल, तर निदान तिथेच झालं. ही डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे मारणारी तबकडी. तिच्यावर इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली शोधायच्या तर सेकंदाला फार तर शंभरेक शोध होतात. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कमध्ये, हा आकडा हजारोंनी मोजतात. त्यात हा लॅपटॉप आठवड्यातून एकदा, वीजबिल भरायला उघडतात. उघडल्याबरोबर विंडोज अपडेट, विंडोजच्याच डिफेंडर या अँटीव्हायरसची तपासणी आणि सर्चची अनुक्रमणिका असे तीन थकबाकीदार एकदम दारात. त्यावर सोपा उपाय असा की आठवड्यातून एकदा चार्जर लावून तासभर त्याला नुसता चालू ठेवायचा आणि आपण भाजी निवडायची. त्याची थकबाकी फिटते, आपलीही गवार होते.

कायमचा उपाय म्हणजे एसएसडी. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची, साटा जोडणीची एसएसडी बसते. जुनी डिस्क फेकायची नाही. लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पा असेल तर तिथे कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, घालून ती बसवता येते; फक्त कॅडी ९.५ मिलिमीटरची लागते की १२.७, हे मोजून मगच दुकानात जा, नाहीतर रिक्षाभाडं दुप्पट. रॅमचंही तसंच. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारली की किती खाचा आहेत आणि किती वापरात आहेत हे लिहिलेलं असतं. दोनपैकी एक रिकामी असेल तर आणखी ४ जीबीची पट्टी घाला. डीडीआर३एल आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन जाती; पहिलीच्या खाचेत दुसरी बसत नाही, पट्टीवरची खोबण वेगळ्या जागी असते. जोर लावला तरी बसत नाही, आणि आपल्याकडे जोर लावणारे फार. एसएसडी बसवल्यावर तिच्यावर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली एकत्र लावायचा जुना उपाय, चालवू नका. विंडोज तिला ओळखतं आणि तिच्या पद्धतीची साफसफाई आपणहून करतं.

आता गर्दीकडे वळू. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये गेलात की तिथे सकाळच्या पहिल्या चहालाच येऊन बसलेले पाहुणे दिसतात. प्रिंटरचा सहायक (प्रिंटर २०१९ सालीच भंगारात गेला), व्हिडिओ मीटिंगवाला, गाणीवाला, गेमचा लाँचर, लॅपटॉप कंपनीचा ‘तुमच्या सेवेत तत्पर’ आणि त्या तत्पराचा अपडेटर. प्रत्येकासमोर हाय, मीडियम, लो असा भार लिहिलेला असतो. हायवाल्यांवर राइट क्लिक करून डिसेबल. कुणी मरत नाही, बोलावलं की येतात. टचपॅड, आवाज आणि डिफेंडर यांच्या नोंदींना तेवढं हात लावू नका.

अँटीव्हायरस हा मात्र भावनेचा विषय आहे. एक काळ होता की त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नव्वदच्या दशकात फ्लॉपीवरून व्हायरस घरोघर फिरत होते आणि विंडोजच्या दाराला कडीही नव्हती. त्याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी भावाबरोबर क्विक हील उभं केलं, ते गरजेपोटीच. पण २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून डिफेंडर हा पुरता अँटीव्हायरस विंडोजच्या पोटातच असतो. तो फुकट आहे, त्याची मुदत संपत नाही आणि स्वतःची जाहिरातही तो फारशी करत नाही. बहुधा म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

डिफेंडर स्वभावाने गरीब. बाहेरचा अँटीव्हायरस आला की तो मुकाट्याने बाजूला होतो. खरी गंमत बाहेरचे दोन आले की होते. अँटीव्हायरस बसतो तो फाइल आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये, आणि उघडणारी प्रत्येक फाइल आधी चाखून बघतो. दोन बसवले म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा. आमटीत पळी घातली की आधी ही चाखणार, मग ती. शिवाय हिने संशयित म्हणून डब्यात कोंडलेलं भूत तिला सापडतं आणि ती घर डोक्यावर घेते. साधं पत्र उघडायला मिनिट लागतं ते यामुळे. तेव्हा लॅपटॉपबरोबर फुकट आलेला, मुदत संपलेला अँटीव्हायरस सेटिंग्जच्या ॲप्समधून काढा. त्यानंतर त्याच कंपनीचं काढून टाकण्याचं वेगळं साधन मिळतं तेही चालवा, कारण वरवर काढल्यावर ड्रायव्हर मागे राहतात. मग रीस्टार्ट. विंडोज सिक्युरिटीत हिरवी खूण दिसली म्हणजे डिफेंडर पुन्हा कामावर हजर.

तिथेच आणखी एक जागा बघा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स. ‘इथे तपासू नका’ अशी ही यादी. घरच्या कम्प्युटरवर ती रिकामी असायला हवी. चोरीचं विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारी छोटी प्रोग्रॅमं पहिली अट घालतात ती अँटीव्हायरस बंद करण्याची, आणि त्यातली काही जाता जाता या यादीत अख्खा सी ड्राइव्ह लिहून जातात. पुढे वर्षानुवर्षं डिफेंडर हिरवी खूण मिरवत एका रिकाम्या खोलीची राखण करत बसतो. ‘अँटीव्हायरस आहे तरी व्हायरस येतो’ या तक्रारीचं मूळ मला इथेच जास्त वाटतं. शंका असेल तर त्याच पानावरून ऑफलाइन स्कॅन लावा. कम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पुरतं जागं होण्याआधी तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७पासून फुकट सफाईची साधनंही देतं, तीही एकदा चालवून बघायला हरकत नाही.

क्लीनर आणि बूस्टर या जमातीबद्दल माझं मत वाईट आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही. ‘रजिस्ट्रीत ८१२ चुका सापडल्या’ असं लाल अक्षरांत सांगणारा प्रोग्रॅम त्या ८१२ नोंदी पुसतो, वेगात काडीचा फरक पडत नाही, आणि त्यातली एखादी स्कॅनरची निघाली तर स्कॅनर बसतो. असल्या क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. रॅम बूस्टर चालू प्रोग्रॅमांची मेमरी ओढून डिस्कवर ढकलतो. आकडा छान दिसतो, पण पुढच्या क्लिकला तेच सामान पुन्हा माळ्यावरून उतरवावं लागतं. हा धंदा जुना आहे. १९९५ साली अमेरिकेत सॉफ्टरॅम ९५ नावाचं पाकीट ‘रॅम दुप्पट’ म्हणून धडाक्यात खपलं. ते काहीही दुप्पट करत नव्हतं, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला धरलं.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं येत असेल, तर बहुतेक वेळा व्हायरस एकही नसतो. कुठल्याशा साइटने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ म्हटलं आणि घरातल्या कुणीतरी आज्ञाधारकपणे दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी असते, ती साफ करा. पूर्ण स्क्रीनभर भोंगा वाजून फोन नंबर दिसला तर एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना ‘रीस्टोअर’ला नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन करून पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०.

फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन घाला, क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती. जाहिराती गेल्या की पानं हलकी होतात. राउटरमध्ये डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, जागी चार नऊ, मध्ये टिंबं, असं लिहिलं की क्वाड९ ही सेवा ज्ञात घातक साइट्सचा पत्ताच देत नाही. कम्प्युटरवर याचा भार शून्य. राउटरचा ॲडमिन-ॲडमिन हा पासवर्डही त्याच बैठकीत बदला.

पेनड्राइव्हचं वेगळं प्रकरण आहे. झेरॉक्सच्या दुकानातून तो परत येतो तेव्हा फोल्डर गायब आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट हजर. खऱ्या फाइली आतच असतात, लपवलेल्या. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तुमचा फोल्डर उघडतो, म्हणून संशयच येत नाही. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा’ची खूण काढा. फाइली उचलून घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, लपवण्याची खूण परत लावा. त्याच पानावर फाइलींची शेपटं दाखवण्याचीही सोय आहे. ती चालू केली की ‘वीजबिल डॉट पीडीएफ’च्या मागे लपलेलं ‘डॉट ईएक्सई’ दिसतं.

रोजचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवू नका. आधी दुसरं ॲडमिन खातं तयार करून त्याचा पासवर्ड लिहून ठेवा आणि मगच आपलं खातं स्टँडर्ड करा. उलट क्रमाने गेलात तर विंडोज करूच देत नाही. अपडेटला कंटाळू नका. १२ मे २०१७ला वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, त्याचं ठिगळ १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने लोक ‘नंतर आठवण करा’ दाबत होते. फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात, कारण जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागतं.

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आणि त्याआधीच्या प्रोसेसरांना मायक्रोसॉफ्ट, एखादा अपवाद सोडला तर, विंडोज ११साठी दारात उभं करत नाही. नुसतं इंटरनेट, पत्रं आणि सिनेमे एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीत सुखाने नांदते. टॅलीवर किंवा श्रीलिपीवर, म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पोट असणाऱ्यांनी मात्र तिकडे जाण्याआधी दहादा विचार करावा.

शेवटी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री शटडाउन करणाऱ्यांकडेही तिथे २३ दिवस दिसतात. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळे शटडाउन म्हणजे वामकुक्षी, गाभा तसाच डिस्कवर उतरवून ठेवलेला असतो. खरी झोप फक्त रीस्टार्टमध्ये. ते करा, चहा टाका. तोवर रिफ्रेशला हात लावू नका. लागलाच, तर दोनदाच.