हळदीच्या दुधावर एआरटी सोडू नका

“बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, हळदीने एचआयव्हीचं जनुक कायमचं बंद पडतं. रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ आला म्हणजे विषाणू संपला. लिव्हर खराब करणाऱ्या गोळ्या सोडा, हळदीचं दूध घ्या.” हा फॉरवर्ड माझ्या मैत्रिणीपर्यंत पोचला. ती कित्येक वर्षं एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, घेतेय. “मग थांबवू का गोळ्या?” असं तिने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

संशोधन झालंय, एवढं मान्य. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्र या संशोधन संस्थेतल्या तपस कुंडू यांच्या गटाचा 2004 चा शोधनिबंध आहे. विषाणूच्या टॅट या प्रथिनावर आपल्याच पेशीतलं पी300 हे एन्झाइम ॲसिटिल गट (एक छोटा रासायनिक तुकडा) चिकटवतं, आणि विषाणूच्या जनुकाच्या आरएनए प्रती जोमाने निघू लागतात. हळदीतला करक्युमिन हा घटक पी300 ला अडवतो, असं त्यांना दिसलं. पण ते परीक्षानळीत आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत, रुग्णांत नव्हे. हळदीत करक्युमिन जेमतेम तीनेक टक्के, त्यातलं रक्तात उतरतं अगदीच नगण्य.

‘नॉट डिटेक्टेड म्हणजे संपला’ हे मात्र जिवावर बेतणारं आहे. विषाणूचं जनुक सीडीफोर पेशीच्या, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीच्या, डीएनएतच जाऊन बसतं. काही पेशींत तिथल्या हिस्टोन प्रथिनांवरचे (डीएनए यांच्याभोवतीच गुंडाळलेला असतो) ॲसिटिल गट निघालेले असतात, डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो आणि जनुक गप्प पडून राहतं. म्हणून रक्तात काही सापडत नाही. पेशी पुन्हा सक्रिय झाली की ॲसिटिल गट परत चिकटतात, प्रती निघू लागतात. गोळ्या चालू असतील तर ते विषाणू नव्या पेशींत पसरत नाहीत. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, काही आठवड्यांतच चढतो. हळदीने जनुक खरोखर गप्प केलं असतं, तरी ते पेशीत तसंच राहिलं असतं.

गोळ्या थांबवून पाहण्याचा प्रयोगही झालेला आहे. स्मार्ट या चाचणीत 5,472 जण होते. एका गटाच्या गोळ्या सीडीफोर पेशींची संख्या (रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे) 350 च्या वर असताना थांबवायच्या आणि 250 च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू करायच्या, असं ठरलं होतं. 2006 साली निष्कर्ष आला : त्या गटात संधिसाधू आजाराचा (प्रतिकारशक्ती ढासळल्यावर गाठणाऱ्या संसर्गांसारख्या आजाराचा) किंवा मृत्यूचा धोका गोळ्या चालू ठेवणाऱ्यांच्या 2.6 पट. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली!

लिव्हरचं म्हणाल तर काही जुन्या औषधांचा त्रास व्हायचा, खरं आहे. म्हणून तर रक्त तपासतात, गरज पडली तर औषध बदलतात. सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात.

हा मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर लगेच केंद्रात जा. किती दिवस घेतल्या नाहीत ते समुपदेशकाला न लपवता सांगा. ते रागावतील म्हणून घरी बसू नका.