आधी रक्त, मग मेरोपेनेम

दुपारी पाहिलेली एक फाईल डोक्यातून जात नाहीये. यंत्रमागावर काम करणारा साठीचा माणूस. मधुमेह, थंडी-ताप, लघवीला जळजळ. भरती होताच मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिक, जोडीला मेट्रोनिडाझोल आणि टायकोप्लॅनिन ही आणखी दोन. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पाठवलं चौथ्या दिवशी! रिपोर्ट 'नो ग्रोथ'. औषध आधीच चढल्यावर दुसरं काय येणार होतं?

पहिल्या डोसआधी रक्त घ्यायला दहा मिनिटं लागतात ओ. दोन्ही हातांतून वेगवेगळं, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यायची, बाटलीचं रबरी बूचही पुसायचं. ती बाटली रात्री फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बाहेरच ठेवून दोन तासांत लॅबला द्यायची. लघवीला उशीर होणार असेल तर तिला मात्र फ्रिज. आणि कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीतली लघवी कल्चरला कधीच नाही. या माणसाची पिशवीतलीच गेली. तीन जातींचे जंतू उगवले, आता खरा कोणता?

मेरोपेनेम चुकलं असं म्हणत नाही. पण हवेशिवाय वाढणारे जंतू तेच मारतं, मग मेट्रोनिडाझोल कशाला? टायकोप्लॅनिन का, हे तर फाईलमध्ये कुठेच नाही. क्रिएटिनिन रोज चढतंय, म्हणजे किडनी दमतेय, आणि मेरोपेनेम 1 ग्रॅम दर 8 तासांनी चालूच. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली गाळते ते) 26 ते 50 असेल तर 1 ग्रॅम 12 तासांनी, 10 ते 25 असेल तर अर्धा ग्रॅम 12 तासांनी. एवढं बघायला कोणालाच सवड नव्हती?

बीपी पडलेल्या सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव ढासळू लागले की) तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, कल्चरपायी अडायचं नाही, मान्य. याचं बीपी उत्तम होतं.

ड्युटीवरच्या पोरांवर राग नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, पलीकडून विजयपूर, सगळीकडून पेशंट येतात, रात्र-रात्र पोरं उभी असतात. राग आहे तो 48 तासांनी फाईल न उघडणाऱ्या वरिष्ठांवर. कशासाठी चालू आहे, कल्चर काय म्हणतंय, तोंडी देता येईल का, थांबवायचं कधी? हे त्यांनीच विचारायचं असतं.

आणि विचारण्यात कमीपणा कसला? मायक्रोबायोलॉजिस्ट इथेच आहेत, संसर्गरोगतज्ज्ञ पुण्याहून फोनवर सांगतात. रक्तात स्टॅफ ऑरियस हा घातक जंतू निघाला तर त्यांना न विचारता पुढे जाऊच नका. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत एक-दोन दिवसांनी पुन्हा रक्त, हृदयाचा इको, आणि पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून कमीत कमी 14 दिवस शिरेतून औषध. जंतू मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिकला दाद देणारा असेल तर व्हँकोमायसिन सोडून सेफाझोलिन. यातलं एक राहिलं तरी माणूस जाऊ शकतो.

आज संध्याकाळी त्या माणसाची दोन इंजेक्शनं बंद झाली, मेरोपेनेम 12 तासांवर आलं, कॅथेटर बदलून ताजी लघवी गेली. सहा दिवस औषध चढल्यावर त्यात काय उगवणार, सांगवत नाही. उद्या सकाळच्या क्रिएटिनिनकडे डोळे लागलेत.