खुलासा: प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळकच सर्वेसर्वा नसतो

मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळकच वडिलांना नेमतो, त्याच्यावर कोणी नाही.’ हे चूक आहे. ‘पाळक’ म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, ‘वडील’ म्हणजे तिचा कारभार पाहणारे जाणते सभासद. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या नावातच खूण आहे. ‘प्रेस्बुटेरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा.

वडिलांना मंडळीचे सभासद निवडतात. पाळक आणि वडील मिळून ‘सेशन’, म्हणजे मंडळीची कारभारी सभा, होते. पाळक तिथे अध्यक्षस्थानी असतो, पण निर्णय सगळ्यांचा. त्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातले पाळक आणि मंडळ्यांनी पाठवलेले वडील. सेशनचा निर्णय अन्यायाचा वाटला तर इथे दाद मागता येते. पाळकालाही इथेच जाब द्यावा लागतो. त्याहून वर सिनॉड, म्हणजे अनेक प्रेस्बिटरींची सभा, आणि सगळ्यांत वर महासभा.

महासभेचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्षही, कायमचा नव्हे. विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्च या प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेचे मॉडरेटर झाले, तेही वर्षभरासाठीच.

घोळ बहुधा इथे होतो: १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्याही सामील झाल्या, आणि त्या चर्चमध्ये बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारे धर्माधिकारी, असतात. तिथले नियम प्रेस्बिटेरियन म्हणून पुढे पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती.