‘दोनदा निगेटिव्ह, तिसऱ्यांदा पॉझिटिव्ह’ या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी लॅब उघडायच्या आधी पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गेल्या वर्षी वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आमच्याकडे हिपॅटायटिस बीची, म्हणजे लिव्हरला होणाऱ्या व्हायरसच्या संसर्गाची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. आता त्यांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला, केमोआधी पुन्हा आमच्याकडे रक्त दिलं, पुन्हा निगेटिव्ह. पुण्याच्या हॉस्पिटलने मात्र ‘हिपॅटायटिस बी आहे’ म्हणून पहिली केमो पुढे ढकलली. वडिलांनी २२ वेळा रक्तदान केलंय, रक्तपेढीनेही कधी काही कळवलं नाही. आणि शेवटची ओळ : ‘सही करणारी डॉक्टर झोपली होती का?’

सही माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच देते.

आधी एक करा. तुम्ही टाकलेल्या तिन्ही रिपोर्टच्या फोटोंत वडिलांचं नाव आणि मोबाईल नंबर स्पष्ट दिसतोय. ते झाकून फोटो पुन्हा टाका. कराडसारख्या गावात ‘पांढरी कावीळ’ हा हिपॅटायटिस बीसाठीचा शब्द नावाला चिकटला की लोक त्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत, उगाचच. आमच्या रजिस्टरमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे मांडलंय तेवढ्यावरच बोलते.

आता पुण्याच्या रिपोर्टवरची वरून पहिली ओळ बघा. ‘एचबीएसएजी : नॉन-रिॲक्टिव्ह.’ म्हणजे आम्ही गेल्या वर्षी जी तपासणी केली, तीच त्यांनी मोठ्या मशीनवर केली आणि त्यांचीही निगेटिव्हच आली. पॉझिटिव्ह आहेत त्या खालच्या दोन ओळी : ‘अँटी-एचबीसी टोटल : रिॲक्टिव्ह’ आणि ‘एचबीव्ही डीएनए : सापडला, २० युनिटपेक्षा कमी’. या वेगळ्या तपासण्या आहेत. मोतीबिंदूच्या चिठ्ठीत त्या नव्हत्या, आणि सहसा नसतातच.

एचबीएसएजी म्हणजे या व्हायरसच्या अंगावरचा सदरा. बारुख ब्लुमबर्ग यांना तो साठच्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला. आमच्याकडे येणारे एक जुने डॉक्टर अजूनही चिठ्ठीवर ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’च लिहितात. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं आणि जग आजही हाच सदरा शोधतंय. बहुतेक रुग्णांत तो रक्तात ढिगाने असतो, त्यामुळे तपासणी चांगली चालते. पण काही जणांचं शरीर व्हायरसला असं दाबून ठेवतं की सदरा रक्तात दिसेनासा होतो आणि व्हायरसचा डीएनए मात्र लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात गोल गुंडाळी करून बसून राहतो, वर्षानुवर्षं. रक्तात उतरला तरी थेंबभर, बहुतेकदा मिलिलिटरला २०० युनिटच्या आत, कधी नुसता असून-नसून. यालाच छुपा किंवा ऑकल्ट हिपॅटायटिस बी म्हणतात. क्वचित व्हायरसचा सदराच बदललेला असतो आणि किटला तो ओळखू येत नाही, पण ते प्रमाण कमी.

मागे उरते ती अँटी-एचबीसी. व्हायरसच्या आतल्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेली ही अँटिबॉडी एकदा आली की सहसा जन्मभर राहते. लसीत फक्त सदरा असतो, गाभा नसतो, त्यामुळे लस घेतलेल्या माणसात ती येत नाही. ती पॉझिटिव्ह म्हणजे खरा व्हायरस कधीतरी अंगात शिरला होता. आजार आज चालू आहे का, ते एवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी डीएनए बघावा लागतो.

तेव्हा गेल्या वर्षीचा आमचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. पण तुम्ही लिहिलंय की काउंटरवर वडिलांना ‘काका, निगेटिव्ह आहे, काही नाही, पेढे आणा’ असं सांगितलं गेलं. मी विचारलं, तसं बोललं गेलं होतं. ते चूक होतं. ‘सदरा दिसला नाही’ आणि ‘काही नाही’ यांत जेवढं अंतर आहे, त्यातच तुमचे वडील सापडले. रिपोर्टच्या तळाशी बारीक इंग्रजीत एक टीप असते खरी, पण तिच्या आडोशाला मी जाणार नाही.

दुसऱ्या वेळची चूक मात्र निखालस आमची, आणि ती तुमच्याही लक्षात आलेली नाही. केमोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘अँटी-एचबीसी’ लिहिलं होतं. आमच्याकडून झाली ती ‘अँटी-एचबीसी आयजीएम’. आयजीएम ही ताज्या संसर्गातली अँटिबॉडी, साधारण सहा महिन्यांत ओसरते. वडिलांचा संसर्ग जुना, तिथे ती निगेटिव्हच येणार. केमोआधी हवी असते ती ‘टोटल’. कॉम्प्युटरच्या यादीत दोन्ही नावं एकाखाली एक होती, कावीळ पॅनेलमध्ये रोज आयजीएम लागते, बोट सवयीने तिकडे गेलं. ज्या मुलीने बिल केलं तिला दोष देऊ नका. चिठ्ठी आणि रिपोर्ट शेजारी ठेवून सही करायची असते. मी चिठ्ठी पाहिली नाही. त्या दिवशी खरंच झोपले होते असं म्हणालात तरी चालेल.

त्या तपासणीचे सगळे पैसे परत. आता यादीत टोटल वेगळ्या रंगात आहे, आणि चिठ्ठीवर नुसतं ‘अँटी-एचबीसी’ असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय ट्यूब पुढे जात नाही.

रक्तदानाबद्दल. रक्तपेढीने तुमच्यापासून काही लपवलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या कायद्याने प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी होते. त्यातली बीची तपासणी म्हणजे पुन्हा तो सदराच. गाभ्याची अँटिबॉडी दात्यांमध्ये बघणं अमेरिकेत ऐंशीच्या दशकात सुरू झालं, जपानमध्ये १९८९ पासून, इंग्लंडमध्ये तर २०२२ मध्ये. आपल्याकडे हा संसर्ग जास्त पसरलेला. ती अँटिबॉडी असलेली प्रत्येक पिशवी फेकायची म्हटलं तर भरपूर चांगलं रक्तही गटारात जाईल आणि मे महिन्याच्या टंचाईत सतत रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना काय द्यायचं हा प्रश्न उभा राहील. दुसरा मार्ग नॅटचा, म्हणजे थेट व्हायरसचा डीएनए-आरएनए शोधायचा. ती तपासणी काही रक्तपेढ्या करतात, देशभर सक्तीची नाही. तीही कुठे एकेका दात्याची होते, तर कुठे सहा जणांचं रक्त मिसळून. तुमच्या वडिलांइतका तुटपुंजा व्हायरस सहा जणांत मिसळला तर निसटू शकतो, एकट्याची तपासणी केली तरी कधी निसटतो. मला विचाराल तर एकेका दात्याची नॅट सगळीकडे व्हायला हवी. पण खर्च कुणी करायचा, हे माझ्यासारखीने लॅबमध्ये बसून सांगणं सोपं आहे.

तुम्ही एवढं करा : ज्या रक्तपेढीत वडील नेहमी जात, तिथे पुण्याच्या रिपोर्टची प्रत द्या. त्यांना जुन्या पिशव्यांचा माग काढता येतो. २२ जणांना आजार दिला, असं वडिलांच्या मनात भरवू नका. अशा छुप्या संसर्गातून रक्तावाटे लागण होऊ शकते, पण उघड संसर्गाच्या मानाने ती बरीच कमी होते. त्यांनी चांगल्या मनाने दिलं होतं.

आता महत्त्वाचं. केमो पुढे ढकलली म्हणून तुम्ही हॉस्पिटलवरही चिडलात, पण मला विचाराल तर त्यांनी वेळीच पकडलं. तुम्ही लिहिलेल्या औषधांत रिटुक्सिमॅब आहे. ते रोगप्रतिकार करणाऱ्या बी-पेशी संपवतं, आणि इतकी वर्षं व्हायरसला दाबून ठेवणाऱ्या पहाऱ्यात त्या पेशींचाही मोठा वाटा असतो. पहारा उठला की लिव्हरमधली ती गुंडाळी पुन्हा कामाला लागते. असं होऊन लिव्हर निकामी झालेले रुग्ण आहेत, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या धोक्याचा इशारा औषधावरच्या काळ्या चौकटीत, म्हणजे सगळ्यात कडक इशाऱ्यांच्या जागी घातला. उपाय साधा आहे. एन्टेकाविर किंवा टेनोफोविरची रोज एक गोळी, केमोच्या आधी किंवा सोबत सुरू करायची आणि केमो संपल्यावरही वर्ष-दीड वर्ष चालू ठेवायची. कोणती आणि किती, ते पुण्याचे डॉक्टर ठरवतील. केमो संपली, माणूस बरा दिसतोय म्हणून गोळी मध्येच बंद करू नका, घोटाळा तिथेच होतो. आणि कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवतो’ म्हणालं तर ते पाणी कुणाच्याही हाताने पिवळं होतं. त्याच्यासोबत मिळणारी पाल्याची पुडी मात्र केमोच्या काळात अजिबात देऊ नका.

वडिलांना कुठून लागलं, हे शोधत बसू नका. जन्माच्या वेळी आईकडून, लहानपणी उकळून वापरलेल्या काचेच्या सिरिंजमधून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून, काहीही असेल. ते आता सांगता येणार नाही. एका ताटात जेवल्याने हा व्हायरस पसरत नाही.

आईची आणि तुम्हा भावंडांची तपासणी मात्र हवी : एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस (सदऱ्याविरुद्धची, संरक्षण देणारी अँटिबॉडी), तिन्ही. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस घ्या, पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आमच्यावर भरवसा उरला नसेल तर दुसरीकडे करा, फक्त चिठ्ठीवर ‘टोटल’ हा शब्द लिहून घ्या. आमच्याकडे आलात तर तुमच्याकडून पैसे घेणार नाही, आणि रिपोर्ट हातात देताना मी स्वतः समोर बसेन. सकाळी आठ ते अकरा मी असते. उपाशी यायची गरज नाही.