कूलर लावा, कंट्रोलर काढा? डिजिटल प्रेसच्या व्हायरल सल्ल्याला उत्तर

लग्नसराईच्या तोंडावर डीटीपीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. तालुक्यात डिजिटल प्रेस (प्लेटशिवाय, थेट संगणकावरून छापणारं मशीन) टाका आणि एका हंगामात पैसे वसूल करा, असा त्याचा सूर. जुनं प्रॉडक्शन मशीन घ्या. कंट्रोलर, म्हणजे फाइल छपाईयोग्य करून मशीनला देणारा संगणक, ही कंपन्यांची लूट आहे, तो काढून साध्या प्रिंटर ड्रायव्हरवर चालवा. एसी नको, कूलर पुरतो. वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर आहेच. रेडीमेड लग्नपत्रिका थेट ट्रेमध्ये घाला. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची छपाई, तर मेलंच. काल धाकट्या चुलतभावाने तो मला पाठवला, खाली एकच ओळ: ‘दादा, टोकन देऊन टाकू काय?’

थांब जरा.

आधी कूलर, कारण मशीनची सगळ्यात जास्त वाट त्याच सल्ल्याने लागते. मशीनसोबत साइट प्रिपरेशनची पुस्तिका येते आणि ती कोणी उघडत नाही. कंपनी कोणतीही असो, आकडे साधारण तेच: खोली 20 ते 25 अंश, आर्द्रता 40 ते 60 टक्के. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा थंडावा हवाच, हे कबूल. पण कूलर थंडावा देतो तो हवेत पाणी सोडून. दारं लावून तासभर चालवा आणि हायग्रोमीटर बघा, काटा 70 च्या पुढे गेलेला असतो.

ते पाणी कागद पितो. रिमच्या कडा आधी ओलावतात, मधला भाग कोरडाच राहतो. म्हणून कडांना लाटा येतात, ताव तिरका जातो, जॅम होतो. टोनर, म्हणजे रंगाची पूड, कागदावर चढतो तो विजेच्या भाराने. दमट कागदात हा भार टिकत नाही, मग पत्रिकेवरच्या गणपतीमागच्या गडद लाल पट्ट्यात ढगाळ डाग दिसतात. उरलेल्या ओलाव्याची फ्युजरमध्ये, म्हणजे टोनर वितळवून कागदाला चिकटवणाऱ्या गरम भागात, वाफ होते. आर्ट कार्डाच्या कोटिंगमधून तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून 300 जीएसएमच्या जाड कार्डावर बारीक फोड येतात. मेकॅनिक टोनर कागदावर नेणारा ट्रान्सफर बेल्ट बदलायला लावतो, तो बदलला तरी डाग जागच्या जागी, कारण कूलर खिडकीत सुरूच असतो.

बंद खोली, एसी आणि पावसाळ्यासाठी डीह्युमिडिफायर, हा खर्च मशीनच्या किमतीतच धरायचा. नवीन कागद वेष्टन न फोडता 24 तास त्याच खोलीत ठेवायचा. लागेल तेवढाच बाहेर काढायचा, उरलेला पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा.

आता कंट्रोलर. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. तालुक्याच्या कामाला मशीनशेजारी उभा राहणारा महागडा एक्स्टर्नल सर्व्हर बहुधा लागत नाही, आत बसणारा एम्बेडेड पुरतो. पण कंट्रोलरच नको म्हणणाऱ्याने पावती पुस्तक छापून दाखवावं. फाइल कुठेतरी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा या रंगपद्धतीत, बदलली गेली की शुद्ध काळ्याचा बहुतेक वेळा 35-31-32 होतो. डोळ्यांना काळाच दिसतो, मशीनला मात्र तो चार रंगांचा वाटतो. मग बारीक अक्षराला रंगीत कड येते आणि सर्व्हिस करार क्लिकवर, म्हणजे पानागणिक पैसे असा, असेल तर काळं पान रंगीत दराने मोजलं जातं. कंट्रोलरमध्ये ‘प्युअर ब्लॅक’ची सेटिंग असते, पण ती 0-0-0 पकडते, 35-31-32 पकडेलच असं नाही. म्हणून रिप झाल्यावर, म्हणजे कंट्रोलरने फाइलचे छपाईचे ठिपके केल्यावर, प्रिव्ह्यूमध्ये निळा, किरमिजी, पिवळा हे थर एकेक करून बघायचे. अक्षर फक्त काळ्या थरात असेल तरच ऑर्डर सोडायची. साध्या ड्रायव्हरवर हे बघणार कुठे?

शाळेची 400 प्रमाणपत्रं घ्या. पार्श्वभूमी एकच, नाव तेवढं बदलतं. कंट्रोलरच्या व्हेरिएबल डेटाच्या सोयीत पार्श्वभूमी एकदाच रिप होते. वर्डमधून मेलमर्ज करून पाठवलं तर तीच जड पार्श्वभूमी बहुधा 400 वेळा जाते आणि मशीन प्रत्येक तावामागे थबकतं.

मशीन बसवतानाही क्रम चुकवायचा नाही. कंट्रोलरला फिक्स आयपी आणि कॅट-6 केबल. मशीन अर्धा तास तापू द्यायचं. आधी इंजिनचं स्वतःचं रंग-जुळवणीचं ॲडजस्टमेंट, त्यानंतरच स्पेक्ट्रो या रंग मोजणाऱ्या यंत्राने पट्टे वाचून कंट्रोलरचं कॅलिब्रेशन. उलट केलं तर केलेलं वाचन वाया जातं. मॅपलिथो (बिनकोटिंगचा साधा कागद) आणि आर्ट कार्ड यांची कॅलिब्रेशनं वेगळी, फ्रंट-बॅक रजिस्ट्रेशन, म्हणजे पुढच्या-मागच्या छपाईची जुळणी, ट्रेगणिक वेगळं. श्री-लिपीच्या मराठी फॉन्टमधली फाइल कोरलड्रॉमध्ये उघडून छापण्यापेक्षा फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ मागा, नाहीतर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे रेषांच्या आकृतीत बदलून घ्या. मंडळीच्या जागी भलतंच छापलं गेलं तर वधूपक्ष तुम्हालाच शोधत येतो.

इन्व्हर्टर? फ्युजर तापताना मधल्या वर्गातलं मशीनही 16 अँपिअरच्या लाइनला घाम फोडतं. घरच्या इन्व्हर्टरची ती बातच नाही. इंजिन सर्व्हो स्टॅबिलायझरवर ठेवा. कंट्रोलरची वीज वेगळी घेता येत असेल तर तेवढ्याला यूपीएस द्या, अचानक बंद पडला की त्याची डिस्क बिघडते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मशीन सुरू करू नका. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. त्यात पाणी टाकत राहायचं.

सोनेरी फॉइल आधीच चढवलेली रेडीमेड पत्रिका ट्रेमध्ये घालणाऱ्याला तर हात जोडतो. फ्युजर दीडशे अंशांच्या वर तापतो, फॉइलचा चिकट थर त्यात सैल होतो आणि सोनेरी गणपती पत्रिकेवरून उठून फ्युजरच्या बेल्टवर बसतो. शिवाय फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे टोनर चढवणारा भारच बिघडतो. आधी कोऱ्या कार्डावर छपाई, फॉइल आणि एम्बॉसिंग नंतर.

ऑफसेट मेलेलं नाही. शंभर पत्रिका डिजिटलवर परवडतात, पाच हजार हँडबिलं अमरावती-नागपूरच्या ऑफसेटलाच स्वस्त पडतात. आणि निवडणुकीची पत्रकं छापायची म्हणाल तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-अ वाचा. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, प्रकाशकाचं दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत हवं. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुनं मशीन घेणं मात्र चूक नाही, मेसेजमधलं तेवढं खरं. फक्त टोकन देण्याआधी मशीन तुझ्यासमोर सुरू करायला लाव आणि कंट्रोलरचं कॉन्फिगरेशन पेज छापून घे. मोठ्या कंपन्या मशीन विकताना हार्ड डिस्क काढून घेतात, तेव्हा ते पेज निघतच नाही आणि विकणारा ‘केबल नाही’ म्हणतो. पेज निघालं तर तुझाच 300 जीएसएमचा कागद टाकून 50 ताव दोन्ही बाजूंनी छाप, पहिला आणि पन्नासावा उजेडात एकमेकांवर धरून छपाई जुळते का ते बघ.