बॉनेटचे झरोके आणि एक फिरता सल्ला

गाड्यांची हौस असणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. त्याचा सारांश असा: बॉनेटला झरोके पाडून घ्यावेत, म्हणजे इंजिन दहा अंशांनी थंड राहते, ताकद वाढते आणि वेगात गाडी रस्त्याला चिकटून धावते, खर्च परवडत नसेल तर बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून फट ठेवावी, काम तेच होते, आणि कंपन्याही आपल्या वेगवान गाड्यांना झरोके देतात, तेव्हा शंकेला जागाच नाही. यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच त्याचा एकेक मुद्दा वेगळा काढून तपासावा लागतो.

वॉशरपासून सुरुवात करतो, कारण सल्ल्यातला तो भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चुकीचा आहे. धावत्या गाडीच्या बॉनेटवर हवेचा दाब सगळीकडे सारखा नसतो. पुढच्या कडेवरून हवा वळून वर चढते तिथे, म्हणजे साधारण बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात, दाब कमी असतो. तीच हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी अडते आणि तिथे दाब वाढतो. त्यामुळे काचेजवळच्या फटीतून वेगात गरम हवा बाहेर येण्याऐवजी बाहेरचीच हवा आत शिरू पाहते आणि रेडिएटरमधून आलेल्या हवेची वाट अडते. शेव्हरोलेने १९६९ च्या कॅमॅरोला 'काउल इंडक्शन' बॉनेट दिले, त्याच्या फुगवट्याचे तोंड काचेकडे होते ते याच कारणाने: इंधनात हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरसाठी हवा आत घ्यायला ती उत्तम जागा आहे. जिथून हवा आत ओढावी, तिथूनच ती बाहेर जाईल असे सांगणे धाडसाचे आहे. शिवाय बहुतेक गाड्यांत केबिनला ताजी हवा देणारी जाळी वायपरखालीच असते, म्हणजे तापलेल्या तेलाचा वास सरळ आत. सिग्नलला उभ्या गाडीच्या फटीतून थोडी ऊब वर निघते हे खरे, आणि ती हाताला जाणवते म्हणूनच हा समज टिकला असावा.

दहा अंशांचा दावा कूलंटविषयी, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाविषयी, असेल तर तो थर्मोस्टॅटला विसरतो. कूलंट बहुधा ८० ते ९० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. ज्या गाडीचा तापमानाचा काटा एरवी मधोमध स्थिर असतो, तिच्या बॉनेटला कितीही भोके पाडली तरी तो खाली येणार नाही. बोरघाट चढताना काटा वर जात असेल, तर तिथेही झरोका फारसा कामाचा नाही, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: ताशी ४० किमीला तो १६० किमीच्या तुलनेत फक्त सोळावा हिस्सा असतो. घाटात रेडिएटरमधून हवा ओढण्याचे काम मुख्यतः पंख्याचे असते, म्हणून आधी पंखा, कूलंटची पातळी आणि रेडिएटरच्या पात्यांत साचलेली माती पाहावी. ट्रॅकवर, फेरीमागून फेरी पूर्ण ताकदीने मारताना, चित्र उलटे होते. तिथे योग्य जागेचा झरोका कूलंट आणि तेल या दोघांनाही खराखुरा दिलासा देतो. टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या यंत्राच्या, वरचा झरोका तर गाडी बंद केल्यावरही कोंडलेली उष्णता वर सोडतो, आणि रबरी नळ्या व वायरिंग जास्त टिकतात. फिरत्या सल्ल्यात हा फायदा नेमका नसतो.

ताकदीचा मुद्दा थोडक्यात आटपतो. इंजिनात जाणारी हवा दहा अंशांनी थंड झाली तर तिची घनता सुमारे तीन टक्के वाढते. परंतु आजच्या बहुतेक गाड्या ती हवा जाळीमागून किंवा हेडलाइटच्या बाजूने, म्हणजे मुळातच थंड जागेतून घेतात. टर्बो गाड्यांच्या बॉनेटवरचा स्कूप ही वेगळी वस्तू आहे. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा स्कूप इंजिनावर बसवलेल्या इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा थंड करणाऱ्या भागाला, हवा पाजतो; झरोका हवा बाहेर काढतो. दोन्हींना एकाच नावाने हाक मारल्याने निम्मा गोंधळ होतो.

'रस्त्याला चिकटणे' हा सर्वांत विचार करण्याजोगा दावा आहे. रेडिएटरमधून आलेली हवा एरवी इंजिनाभोवतून गाडीच्या पोटाखाली जाते आणि नाक उचलायला हातभार लावते. ती वरून बाहेर सोडली तर हे उचलणे कमी होते. २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये रेडिएटर पुढे कलवून त्याची हवा बॉनेटमधून काढली, त्यात हाही हेतू होता. पण उचल कमी होणे म्हणजे गाडी खाली दाबली जाणे नव्हे. रेडिएटरपासून झरोक्यापर्यंत बंदिस्त वाट नसेल तर परिणाम पुष्कळ घटतो. आणि पुढची उचल कमी केली, मागे मात्र काहीच केले नाही, तर मोठ्या वेगात वळणावर मागची चाके आधी सुटतात. रस्त्यावरच्या वेगाला यातले काहीच जाणवणार नाही, हे एका अर्थी बरेच आहे.

गॅरेजमध्ये बॉनेट कापताना आतला सांगाडाही कापला जातो, याकडे दुर्लक्ष होते. बॉनेटचा ताठपणा त्या सांगाड्यात असतो, आणि पादचारी आदळल्यास बॉनेट कसे दबेल याचा हिशेबही त्यावरच केलेला असतो. ज्यांना कापायचेच आहे त्यांनी आधी पारदर्शक नळीचा इंग्रजी 'यू' करून, त्यात रंगीत पाणी भरून, एक टोक बॉनेटवर आणि दुसरे आत चिकटवून पाहावे. ताशी ८० किमीला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ३० मिलिमीटर पाण्याइतका असतो, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. बॉनेटकडच्या बाजूचे पाणी वर चढले तर जागा योग्य, खाली गेले तर नाही. नळी अर्थातच शेजारी बसलेल्याने वाचावी.

राहता राहिला कंपन्यांचा दाखला. तो खरा आहे, पण पूर्ण सांगितला जात नाही. २०२० च्या शेल्बी जीटी५०० मस्टँगला ३१ बाय २८ इंचांचा प्रचंड झरोका आहे, आणि त्याखाली पावसाचे पाणी झेलणारे अॅल्युमिनियमचे ताट बसवलेले आहे, जे ट्रॅकवर जाताना काढता येते. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो, आणि स्पार्क प्लगच्या खळग्यांत, कॉइलवर किंवा अल्टरनेटरवर थेट धार पडेल अशा जागी झरोके पाडून देणारी गॅरेजे मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाही बॉनेटखाली ताट नव्हते.